बालचित्रपटाची पहिली दोन मिनिटं: मुलाच्या हाताला काम द्या

प्रश्न: आम्ही साताऱ्यातले, जनसंज्ञापनाच्या शेवटच्या वर्षाचे पाच विद्यार्थी. एका काल्पनिक बालचित्रपटाची फक्त सुरुवात, टायटलसकट दोन मिनिटांची, करून द्यायची आहे. कल्पना अशी: गजर वाजतो, नऊ वर्षांचा मुलगा उठतो, दात घासतो, आई ओरडते, तो शाळेत जातो, मित्र भेटतात, सगळे अजिंक्यताऱ्यावर जातात आणि तिथे एक जुना नकाशा सापडतो. चांगला कॅमेरा असलेला एक फोन, एक उसना डीएसएलआर आणि फेब्रुवारीतले दोन रविवार हाताशी आहेत. मुलाच्या कामासाठी आमच्यातल्या एकीच्या बहिणीचा मुलगा तयार आहे. वाईत एका मित्राच्या आजोळचा वाडा मिळू शकेल. आखणी कुठून सुरू करावी, आणि चित्रीकरण कसं करावं?

उत्तर:

गजरापासून सुरुवात करू नका. ही सुरुवात फार वेळा पाहिलेली आहे, पण माझी खरी तक्रार ती नाही. गजर, दात घासणं, आईची आरडाओरड, या सगळ्यात तुमच्या मुलाला स्वतःला काहीच हवं नाहीये. आईला तो उठायला हवाय, शाळेला तो वेळेवर यायला हवाय. त्याची स्वतःची पहिली इच्छा जागी होते ती नकाशा दिसल्यावर, आणि तोवर तुमची दोन मिनिटं संपलेली असतात. कथेचा कागद पुढे घ्या आणि प्रत्येक शॉटसमोर एवढंच लिहा: या क्षणी तो काय करू बघतोय? जिथे काही लिहिता येत नाही, तो शॉट काढून टाका. नकाशासुद्धा बहुधा उरणार नाही, कारण तो नुसता सापडतो. त्याच्यासाठी कुणी धडपडलेलं नाही.

मी छायालेखन करते आणि मुलांबरोबरच्या चित्रीकरणात बरीच वर्षं काढली आहेत. विद्यार्थ्यांची कामं पाहताना एक गोष्ट सारखी दिसते. आपण मोठी माणसं पडद्यावरच्या मुलाची ओळख करून द्यायला बसतो: हा खोडकर, ही त्याची आई, हे त्याचं गाव. बघणाऱ्या मुलांना ती ओळख नको असते. मैदानाच्या कोपऱ्यात कुणी एकटंच खड्डा खणत बसलं की भोवती जशी पोरं गोळा होतात, तशी ती पडद्याकडे ओढली जातात. खणणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक नसतं, पण तो का खणतोय हे त्यांना कळायलाच हवं असतं. म्हणून मुलाच्या हाताला खरं काम द्या. पुढे गोष्ट, कॅमेरा, आवाज, टायटल यांबद्दल जे सांगणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

आता तुमच्याकडे वाडा आहे म्हणता, तर एक उदाहरण घेऊ. पटलं तर वापरा, नाहीतर याच पद्धतीने स्वतःचं काढा.

काडेपेटीचा किंवा कागदी कपांचा फोन आपण सगळ्यांनी केलेला आहे. त्याचे नियम कडक आहेत. दोरा ताठ ताणलेला हवा आणि मध्ये कशालाही टेकलेला नको. टेकला की कंपनं तिथेच मरतात आणि पलीकडे काही ऐकू येत नाही. या नियमातच तुमचं नाट्य आहे. वाड्याच्या आतल्या चौकाच्या एका बाजूला मुलाचं घर. समोरच्या बाजूला कुलूप लागलेलं एक बिऱ्हाड. मुलगा एक कप त्या बंद घराच्या ओट्यावरच्या खिडकीच्या गजाला बांधतो आणि दोरा सोडत आपल्या घराकडे निघतो. वाटेत अख्खा वाडा आडवा येतो: दोरीवरच्या साड्या, खाटेवरचं वाळवण, कुणाची तरी स्कूटर, पेपर वाचत बसलेले आजोबा. प्रत्येक अडथळा त्याला दूर करायचाय किंवा कुणालातरी तो दूर करायला लावायचाय. एक बाई न विचारता काठीने साडी वर उचलून धरते. आजोबा पेपरातून डोकं न काढता खुर्ची वीतभर सरकवतात. स्कूटर त्याला एकट्याला हलत नाही, तर तो दोरा तिच्या आरशावरून सोडवून घेतो. कोण त्याचं ऐकतं, कोण नाही, तो हट्टी आहे की गोड बोलून काम काढणारा आहे, हे सगळं एक संवाद न लिहिता कळतं. शेवटी दोरा ताठ होतो. तो कप कानाला लावतो. काही नाही. ‘हॅलो’ म्हणतो. काही नाही. कप खाली ठेवतो आणि आत जातो. मग, तो पाहत नसताना, दोरा थरथरतो. टायटल.

कुलूप का आहे, तिथे कोण राहत होतं, त्याने दोरा तिथेच का बांधला, यातलं काहीही सांगायचं नाही. तिसऱ्या मिनिटाकडे प्रेक्षकाला नेणारी गोष्ट तीच आहे. तुमच्या नकाशात जी गूढाची ओढ होती ती इथेही आहे. फरक एवढाच की ती मुलाने स्वतःच्या हातांनी ओढवून घेतली. शिवाय सहा जागांच्या ऐवजी एक जागा झाली. दोन रविवारांत शाळा आणि किल्ला धरून सहा ठिकाणी कॅमेरा लावायला गेलात तर प्रत्येक जागेला वीस सेकंदं येतील आणि एकही जागा प्रेक्षकाच्या लक्षात राहणार नाही.

हे कितव्या वर्षाच्या मुलांसाठी आहे, ते मात्र कागदावर लिहून ठरवा. ‘मुलांसाठी’ म्हणणं पुरेसं नाही. पाच वर्षांचं मूल आणि अकरा वर्षांचं मूल हे वेगवेगळे प्रेक्षक आहेत. २०२४ च्या नियमांपासून सेन्सॉर बोर्डानेही यूए (म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाने बघायचा) प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे केले आहेत. थरथरणारा दोरा पाच वर्षांच्या मुलाला घाबरवू शकतो, दहा वर्षांच्याला तोच हवा असतो. मी तुमच्या जागी असते तर आठ ते अकरा धरलं असतं, आणि भीती तेवढ्या थरथरीपुरतीच ठेवली असती. दचकवणारा आवाज, अंधार, खिडकीत दिसलेला हात, यातलं काहीही नको.

मुलाच्या चेहऱ्याला वेळ द्यायला घाबरू नका. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ केला तेव्हा कृष्णाचं काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने केलं होतं. ती जेमतेम सात वर्षांची होती. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके पडद्यावर तिचा चेहरा आणि तिचे बदलते हावभाव दाखवतात, आणि मग तीच मुलगी कृष्णाच्या वेशात दिसते. ज्या माणसाला पडद्यावर चमत्कार घडवता येत होते त्याने आधी एका लहान मुलीचा चेहरा निवांत बघायला दिला, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या दोन मिनिटांत असा एक तरी शॉट असू द्या, जिथे सात-आठ सेकंद फक्त चेहरा आहे. माझ्या मते तो कप कानाला लावल्यानंतरचा.

आता कागदावरचं काम. शॉट डिव्हिजन, म्हणजे प्रसंगाची शॉटनिहाय विभागणी, करताना दोन मिनिटांत वीस ते पंचवीस शॉट सहज मावतात, पण सगळे सारख्या लांबीचे केलेत तर जाहिरातीसारखं वाटेल. गाठ मारणारी बोटं, गजाला टेकलेला कप, रिळातून सुटणारा दोरा हे छोटे इनसर्ट, म्हणजे एखादी वस्तू किंवा हात जवळून दाखवणारे शॉट. दोरा घेऊन चौक ओलांडणं हा एक लांब शॉट, दहा-बारा सेकंदांचा. स्टोरीबोर्डसाठी चित्रकला यावी लागत नाही. तुमच्यातलाच एक जण गुडघ्यांवर बसवा म्हणजे तो मुलाच्या उंचीचा होईल, आणि प्रत्यक्ष वाड्यात प्रत्येक शॉटचा फोनवर एक फोटो काढा. ते फोटो एडिटिंगच्या टाइमलाइनवर हव्या तितक्या लांबीने लावा, खाली कच्चा आवाज टाका: चौकातला गलका, कपाचा खरखराट, एक ‘हॅलो’. हे झालं तुमचं ॲनिमॅटिक. ते आठ-दहा वर्षांच्या तीन-चार मुलांना दाखवा, आधी काहीही न सांगता, आणि मग विचारा: ‘आता काय होईल?’ ती बंद घराबद्दल बोलू लागली तर तुमची सुरुवात चालतेय. ‘तो काय करत होता?’ असा उलटा प्रश्न आला तर दोऱ्याचं काम नीट कळलेलं नाही, सुरुवातीचे दोन शॉट बदला. ही दुरुस्ती कागदावर फुकटात होते. चित्रीकरणानंतर तिला अख्खा रविवार लागतो.

रेकी, म्हणजे जागेची आधी केलेली पाहणी, रविवारीच करा आणि ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी करा. उघड्या चौकात ऊन दुपारी सरळ डोक्यावर येतं. डोळ्यांच्या खोबणीत काळ्या सावल्या पडतात आणि मूल डोळे बारीक करतं. सकाळी उजेड एका भिंतीवर असतो, दुपारनंतर दुसऱ्या. दर तासाला चौकाच्या मध्यभागी उभं राहून चारही बाजूंचा एकेक फोटो काढा आणि त्यावर वेळ लिहा. हे फोटो म्हणजेच तुमचं वेळापत्रक. शॉट गोष्टीच्या क्रमाने घेऊ नका, उन्हाच्या क्रमाने घ्या. फेब्रुवारीत सकाळी साडेसात ते साडेदहा आणि दुपारी चार ते सहा एवढा वेळ चेहऱ्यांसाठी चांगला. मधल्या कडक उन्हात बोटांचे, कपाचे, गाठींचे इनसर्ट ओसरीच्या सावलीत घ्या, किंवा आवाज गोळा करा. रेकीत कानही उघडे ठेवा. देवळातली घंटा किती वाजता होते, शेजारच्या कार्यालयात त्या दिवशी लग्न आहे का, पाणी कधी येतं आणि मोटार कधी सुरू होते, हे लिहून घ्या. वाड्यात जेवढी बिऱ्हाडं आहेत त्या सगळ्यांची लेखी परवानगी घ्या, फक्त मालकांची नको. वाईत आहात म्हणून मेणवलीचा घाट खुणावेल. तो सुंदर आहे आणि सिनेमावाले तिथे वर्षानुवर्षं जात आलेत, पण तुमच्या मुलाचं तिथे काही काम नाही.

दोरा कोणता घ्यायचा? पतंगाचा किंवा शिवणाचा दोरा कॅमेऱ्यात दिसतच नाही. लाल, जाड लोकर आणा. तिच्यातून आवाज नीट जाणार नाही, पण पडद्यावर ती दिसेल, आणि खरा आवाज तुम्ही सुती दोऱ्यावर वेगळा रेकॉर्ड करणार आहात. लोकर उजेडाकडे तोंड करून पाहिली तर कडेने चमकते. म्हणून सूर्य दोऱ्याच्या पलीकडे आणि कॅमेरा अलीकडे अशी जागा शोधा. आणि हे लक्षपूर्वक वाचा: चौकात आडवा ताणलेला दोरा मोठ्या माणसाच्या मानेशी येऊ शकतो. शॉट चालू असेपर्यंत चौकात येणाऱ्या प्रत्येक दारावर एक माणूस उभा करा आणि ‘कट’ म्हटलं की दोरा लगेच खाली घ्या. रस्त्यावर, गल्लीत, दुचाकी जाते तिथे हा दोरा कधीच बांधायचा नाही. खिडकी ओट्यावरून हाताला येणारीच निवडा. मुलाला कठड्यावर किंवा कौलांवर चढवू नका.

मुलाबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथेच सगळं जमतं किंवा फसतं.

बालकलाकारांबाबत २०१७ पासूनचे केंद्राचे नियम सांगतात की मुलाने दिवसात ५ तासांपेक्षा जास्त काम करायचं नाही आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही. व्यावसायिक निर्मितीला त्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगीही काढावी लागते. तुमचा महाविद्यालयीन प्रकल्प आहे. कागदोपत्री काय लागेल ते विभागात आधी विचारून घ्या, पण तासांची मर्यादा मात्र तंतोतंत पाळा. खरं तर नऊ वर्षांच्या मुलाचं मन दीड-दोन तासांनंतर उडतंच. त्याच्या आईवडिलांची लेखी संमती घ्या. तुम्ही त्याच्याकडून काय करून घेणार आहात हे त्यांना शॉटनिहाय सांगा, आणि दोघांपैकी एक जण सेटवर असू द्या, पण मुलाच्या नजरेच्या टप्प्याबाहेर. आई समोर असली की प्रत्येक टेकनंतर मूल तिच्याकडे बघतं. तुमच्यातल्या मावशीने दिग्दर्शन करू नये. तिने दिवसभर फक्त त्याच्याबरोबर राहावं: खाणं, पाणी, सावली, गप्पा. आणि सूचना एकाच माणसाने द्यायच्या. पाच ताई-दादा पाच बाजूंनी बोलू लागले की मूल गप्प होतं किंवा वेडेवाकडे चेहरे करू लागतं.

‘आश्चर्य वाटल्यासारखं कर’ असं कधीही म्हणू नका. मूल भुवया उंचावेल आणि तुमचा शॉट गेला. काम सांगा: ‘ही गाठ सुटली नाही पाहिजे, ओढून बघ.’ ‘दोरा कुठे टेकतोय ते शोध.’ आदल्या आठवड्यात त्याला खरा कपाचा फोन करायला द्या, म्हणजे दोरा ताठ का हवा हे त्याला स्वतःच्या कानाने कळलेलं असेल. कप कानाला लावण्याच्या शॉटसाठी पलीकडे तुमच्यातला एक जण लपवा आणि सुती दोऱ्यावरून खरंच काहीतरी हळू बोलायला सांगा, इतकं हळू की त्याला कान देऊनच ऐकावं लागेल. ऐकणारा चेहरा आणि ऐकण्याचा अभिनय करणारा चेहरा यांतला फरक लहान मुलांनाही दिसतो. मात्र फसवून रडवणं, घाबरवणं, ‘आई गेली’ म्हणणं, हे प्रकार आपल्याकडे पूर्वी सर्रास चालत. ते पूर्ण वर्ज्य. रंगीत तालीम चालू असतानाच कॅमेरा सुरू ठेवा, पण त्याला आणि घरच्यांना ते आधी सांगून ठेवा. मुलांचा पहिला किंवा दुसरा टेक बहुतेक वेळा सर्वांत चांगला असतो. पाचव्यानंतर थांबा, दुसरा शॉट घ्या. प्रत्येक टेक त्याला फोनवर दाखवू नका. स्वतःला पाहिलं की तो पुढच्या वेळी केस सावरत येतो.

कंटिन्युइटीसाठी, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी घेतलेले शॉट सलग वाटावेत म्हणून, एकसारखे दोन शर्ट घ्या आणि दोन रविवारांच्या मध्ये केस कापायचे नाहीत हे घरी बजावून ठेवा. या वयात दात पडतात. मधल्या आठवड्यात दात पडला तर तुमच्या हातात काही नाही. म्हणून चेहऱ्याचे सगळे क्लोज पहिल्याच रविवारी संपवा आणि पाठमोरे शॉट, हात, लाँग शॉट दुसऱ्यावर ठेवा.

कॅमेऱ्याची उंची मुलाच्या डोळ्यांची. नऊ वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण पावणेचार फुटांवर येतात. टेपने मोजा आणि ट्रायपॉडच्या पायावर चिकटपट्टीने खूण करा. ही उंची धरली की काही गोष्टी आपोआप घडतात. मोठी माणसं कमरेपाशी कापली जातात, साड्या भिंतींसारख्या उंच होतात, स्कूटर मोठी दिसते. आजोबांचा चेहरा दिसेल, कारण ते खुर्चीत बसलेत आणि मुलाच्या पातळीला आलेत. काठी उचलणाऱ्या बाईचे फक्त हात आणि पदर दिसले तरी चालेल. तिचा चेहरा दाखवायचाच असेल तर ती खाली वाकेल तेव्हा दाखवा. वरून घेतलेला एक शॉट मी मान्य करेन, माडीवरून दिसणारा अख्खा चौक आणि त्यात लाल रेघ. तो एकदाच वापरा आणि शक्यतो दोरा पूर्ण ताणला गेल्यावर.

ॲक्सिसचा नियम (कॅमेऱ्याने एका काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला राहायचं) वर्गात शिकताना कठीण वाटतो, इथे तो तुमच्यासमोर लाल लोकरीने आखलेला आहे. दोऱ्याच्या एकाच बाजूला राहा. बंद घर फ्रेमच्या डावीकडे ठरवलं की ते शेवटपर्यंत डावीकडेच, आणि मुलगा नेहमी डावीकडून उजवीकडे जाईल. शेवटी कप कानाला लावून तो डावीकडेच बघेल. एखादा शॉट पलीकडून घेतलात तर दोन कप एकाच घराला बांधलेत असं वाटेल.

फोन की डीएसएलआर, हा प्रश्न तुम्हाला पडेलच. सगळं फोनवर करा. दोघांचे रंग जुळवायला तुम्हाला वेळ नाही, आणि उसन्या डीएसएलआरवर पळत्या मुलाचा फोकस सांभाळणं नवशिक्याला अवघड जातं. मॅन्युअल ॲप किंवा प्रो मोड घ्या. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ठरवून कुलूपबंद, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) प्रत्येक शॉटआधी लॉक. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे घरातल्या ट्यूबखाली शटर भलतंच राहिलं की चित्र लुकलुकतं. उन्हात १/५० ला चित्र पांढरं पडेल. तिथे एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) लावा, नसेल तर शटर वाढवा आणि एका प्रसंगात ते सगळीकडे सारखं ठेवा. अतिवाइड लेन्स चेहऱ्याला लावू नका, नाक पुढे येतं. साधी लेन्स वापरा आणि स्वतः मागेपुढे व्हा. चेहऱ्यावर सावली असेल तर पांढऱ्या थर्माकोलचा अर्धा ताव बाजूने धरा. समोरून मारलात तर मुलाला डोळे उघडता येणार नाहीत. फोन विमान मोडवर टाका.

उरलेले चार फोन म्हणजे चार रेकॉर्डर. ही गोष्ट ऐकण्याची आहे, त्यामुळे आवाजाला स्वतंत्र माणूस द्या आणि त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम ठेवू नका. प्रत्येक जागेचा एक मिनिटाचा मोकळा आवाज घ्या, कुणीही न बोलता, न हलता. मग सुटे आवाज: पारव्यांची घुटुर्रघूं, कुकरची शिट्टी, दूरची एसटी, साडीची फडफड, कपावर घासणारं नख, ताणलेल्या दोऱ्याला बोटाने छेडल्यावर येणारा टणत्कार. कपाच्या आतला आवाज हवा असेल तर फोनचा माइक खरोखर कपात ठेवा आणि दुसऱ्या टोकाने सुती दोरा छेडा. असा आवाज कुठल्याही साउंड लायब्ररीत मिळणार नाही. संकलनात कप कानाला लागल्याक्षणी चौकाचा सगळा गलका उतरवा आणि कपाचा पोकळ आवाज वर आणा. प्रेक्षक मुलाच्या कानात जाऊन बसतो. त्या क्षणापर्यंत संगीत मुळीच नको असं माझं स्पष्ट मत आहे. बालचित्रपट म्हणताच टुणटुण वाजणारं खेळकर संगीत घालायची सवय लागली आहे. ते प्रत्येक कृतीला ‘बघा किती गंमत’ असं सांगत राहतं आणि मूल मनापासून करत असलेलं काम हलकं होतं. टायटलला संगीत हवं असेल तर वर्गातल्या कुणाकडून पेटीवर किंवा बासरीवर चार स्वर वाजवून घ्या. सिनेमातलं गाणं उचलू नका, हक्कांचा प्रश्न येतो.

टायटल तुमच्याकडे फुकट चालून आलेत. देवनागरी अक्षरं शिरोरेषेखाली लटकतात आणि तुमच्या फ्रेममध्ये एक लाल रेघ आहे. पुठ्ठ्याची अक्षरं कापा, चिमट्यांनी दोऱ्याला लावा आणि चित्रपटाचं नाव खरोखर चित्रित करा. त्यासाठी रेषेच्या वर काही नसलेलं नाव सोयीचं. ‘आवाज’ सहज लटकेल, ‘हॅलो’मधला चंद्र आणि मात्रा वेगळ्या चिकटवाव्या लागतील. बाकीची श्रेयनामावली संगणकावर करा. ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बालू’ आणि ‘मुक्त’ हे फाँट मोफत मिळतात आणि ते पडद्यावर स्वच्छ वाचता येतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. दोन ओळींमध्ये मात्र इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. काही एडिटिंग सॉफ्टवेअर जोडाक्षरं मोडतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे टाकतात. तसं झालं तर नाव दुसरीकडे लिहून त्याचं पारदर्शक चित्र आणून लावा. प्रत्येक नाव मोठ्याने दोनदा वाचून होईल इतका वेळ राहू द्या, कारण तुमचा प्रेक्षक अजून सावकाश वाचतो. आणि नावांसाठी फ्रेममध्ये रिकामी जागा शूटच्या वेळीच सोडा. मुलगा गाठ मारत असताना त्याच्या हातांवर नाव आलं तर मुलं नाव वाचणार नाहीत, आणि गाठही त्यांना धड दिसणार नाही.

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं संकलन, पुन्हा त्याच वयाच्या पण वेगळ्या मुलांना दाखवा. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. ती कुठे चुळबुळतात, कुठे शेजाऱ्याशी बोलतात, त्या सेकंदाचा आकडा टिपा आणि तिथला शॉट कापा, तो तुम्हाला कितीही आवडलेला असो. माझा अंदाज, स्कूटरचा प्रसंग लांबेल.

या आठवड्यात एवढं करा: वाड्यातल्या लोकांशी बोलणं, उन्हाचे फोटो, मुलाला दोन कप आणि दोरा. ॲनिमॅटिक झालं की मला पाठवा, आवाजासकट. शॉट डिव्हिजनचा कागदही जोडा आणि प्रत्येक ओळीपुढे मुलगा काय करू बघतोय ते लिहा.